नाश्त्याला येणारे

संचारबंदी पाचला उठते.
सव्वापाचला मी दुकानाच्या फळ्या काढते, इलिगानच्या बंदरापाशी,
आणि साडेपाचला ऑडवार येतो.
भिंतीला पाठ लावून बसतो हल्ली.
पूर्वी कुठंही बसायचा.

दोन अंडी, लसणावर परतलेला भात, काळी कॉफी.
चाळीस वर्षं बोटींची इंजिनं राखलेला नॉर्वेचा माणूस,
विमान न बघता सांगतो :
आज भरून चाललंय. येताना रिकामं असेल.
विमान डोंगरापलीकडं जातं, तलावाच्या दिशेनं.
इथवर काही ऐकू येत नाही, असं सगळेच म्हणतात.
तरी थोड्या वेळानं
सगळेच एकदम बोलायचे थांबतात.

मग क्लाइव. त्याला लष्करी कायदा मानवलाय.
"बघ, ट्रायसिकलवाले रांगेत उभे राहतात,
शेजारचा कराओके नऊच्या ठोक्याला बंद!"
तिसऱ्या आठवड्यात त्यानं पिण्याच्या पाण्याचे सोळा डबे घेतले
आणि मला म्हणाला, कुणाला सांगू नकोस.
मी कुणाला सांगणार?
डबे वाहून नेणारा माझाच भाऊ.

उर्सच्या फोनवर त्याच्या सरकारची चिठ्ठी आली :
अत्यावश्यक काम नसल्यास या भागात राहू नये.
त्यानं ती मोठ्यानं वाचली.
जोव्हेलिन लेकाला भरवत होती, तिचा घास तसाच हातात.
"हे अत्यावश्यक आहे का?" उर्सनं विचारलं.
गंमतीनं विचारलं असावं. क्लाइव हसला.
शनिवारी गेला तो, दोन आठवड्यांसाठी म्हणून.
आता पाचवा चालू आहे.
जोव्हेलिन उधारी चुकवायला येते, त्याची आणि तिची,
आणि मी वहीत नाव एकच लिहिते.

माझ्याकडं भांड्यांना ओमायरा आहे, वरून आलेली.
वरून म्हणजे तलावाच्या गावातून, अंगावरच्या कपड्यानिशी.
काका आणि सात पोरं व्यायामशाळेत, बास्केटबॉलच्या रेघांच्या आत.
प्रत्येक कुटुंबाला एवढी एवढी रेघ.
तिथला पाण्याचा पंप बिघडला, तसा ऑडवार निघाला,
पाना, ग्रीस, जुनी टोपी. ओमायरा बरोबर, मांडीवर भाताचा डबा.

नाक्यावरचा शिपाई एकोणीस वर्षांचा असेल नसेल.
"गुड मॉर्निंग, सर." पासपोर्ट बघितलासुद्धा नाही.
ओमायराला खाली उतर म्हणाला.
पाटीवर चिकटवलेल्या तोंडांशी तिचं तोंड जुळवलं,
एकेक करून, घाई न करता.
ओळखपत्र घरात होतं. घर नाही.
तिच्या पणजीनं याच नदीवर तांदूळ धुतले असतील.

त्या दिवशी ऑडवारनं अंडी तशीच टाकली.
दुसऱ्या दिवशी तोही उतरला.
रांगेत उभा राहिला, टोपी काढून, तिच्या मागं.
"सर, तुमची गरज नाही."
"माझंही बघा."
मग शिपायानं वरच्याला बोलावलं, वरच्यानं फोन लावला,
पासपोर्ट उलटा धरून पानं मोजली गेली,
मागं भाजीचे टेम्पो, मासळी, शाळेची पोरं,
एक बाई त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती
आणि तो कळल्यासारखा मान डोलवत होता.

परत आल्यावर ओमायरा भांडी घासता घासता म्हणाली,
"आजोबा, उद्या बसूनच राहा.
तुम्ही उतरलात की आमची वीस मिनिटं जास्त जातात.
भात निवतो."

तो काही बोलला नाही. कान तेवढे लाल.
आता रोज बसून राहतो.
ती उतरते. पाटीवरची तोंडं, तिचं तोंड.
आणि तेवढा वेळ
तो डबा स्वतःच्या मांडीवर घेतो,
वरून टोपी झाकतो,
इंजिन गरम ठेवायला सांगतो.